चित्राकडे पाठ

मंगळवार, ५ ऑगस्ट

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता ही माझी स्वतःची. नवऱ्याने विचारलं, "हिच्यात लाल शाईने कोण लिहिणार?" म्हटलं, कुणीच नाही, म्हणून तर आणली.

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात लागून आज आठवडा झाला. पदाचं नाव संग्रहालय-शिक्षिका. असं काही पद असतं हे मागच्या वर्षीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. शाळेने चित्रकलेचा तास वेळापत्रकातून काढून टाकला आणि मला हजेरीपटांचं काम दिलं, तेव्हा मी तिरीमिरीत राजीनामा देऊन घरी आले. मग पंधरा दिवस घरातले सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होते. तेवढ्यात ही जाहिरात दिसली. काम असं की विद्यापीठाच्या कुठल्याही विभागाचा वर्ग आला की त्यांना दालनांतून फिरवायचं आणि चित्रांविषयी सांगायचं. थोडक्यात, बोलायचं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आजवर तू हे काम फुकटच करत होतीस."

तीन दालनं आहेत. फरशी लाकडी, पाऊल टाकलं की करकरते. उजेड वरच्या उंच खिडक्यांतून येतो आणि दुपारी तीनच्या सुमारास भिंतीवरून हळूहळू सरकतो. मधल्या दालनात एका भिंतीवर 'विसावा' नावाचं मोठं चित्र आहे. हिरव्या घेरदार झग्यातली एक बाई खिडकीजवळ खुर्चीत बसलेली. समोरच्या भिंतीला लागून दुसरी खुर्ची, तीत गार्ड बसलेला. पन्नाशी उलटलेला माणूस, इस्त्रीचा गणवेश, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. मी मनातल्या मनात त्याचं नाव मौनीबाबा ठेवलंय.

अट एकच आहे, पण आहे. संचालिकाबाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. पद तीन महिन्यांचं. ३१ ऑक्टोबरला सत्र संपेल, तोवर कलाशाखेबाहेरचा एक तरी वर्ग दुसऱ्यांदा, आपणहून आला पाहिजे. नाही आला तर पद बंद, आणि मला दिलेल्या खोलीत कपाटं ठेवणार. "पहिल्यांदा सगळेच येतात," त्या म्हणाल्या, "सौजन्य म्हणून. मला दुसऱ्यांदा येणारे हवेत."

एक वर्ग म्हणजे काय मोठंसं. मी मनाशी दहाचा आकडा धरलाय.

बुधवार, २० ऑगस्ट

आज कायद्याचा वर्ग. पन्नास मिनिटांत एकतीस चित्रं झाली. बत्तिसावं राहिलं याची चुटपुट लागली आहे.

मुलं काय शांत. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. शाळेत अशी शांतता मिळवायला मला छडी नाही तरी डोळे वापरावे लागायचे. 'विसावा'पाशी मी जरा जास्त वेळ घेतला. दिवसभर राबून थकलेली बाई, संध्याकाळचा उजेड, कुणाची तरी वाट पाहणारी नजर, हे सगळं मी फार छान सांगते. माझं मलाच भरून येतं. शेवटी म्हटलं, काही शंका? एका मुलाने विचारलं, "बसायला कुठे आहे का?" हल्लीच्या मुलांच्या पायांत जीवच नाही.

त्यांच्या प्राध्यापिकेने आभार मानले. "पुन्हा केव्हा येताय?" म्हटलं. "बघू," म्हणाल्या. म्हणजे येणार.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणिताचा वर्ग येऊन गेला. आज चौतीस चित्रं.

डबा मी मागच्या पायऱ्यांवर खाते. तिथे ऊन असतं आणि पाठीमागे सामान उतरवायचं मोठं दार. मौनीबाबाही तिथेच येतो, दोन पायऱ्या खाली बसतो. आज मी त्याला माझ्या शाळेची सगळी हकीकत सांगितली, राजीनाम्यासकट. तो ऐकत होता. जाताना म्हणाला, "मॅडम, तुमचं जेवण राहिलं." खरंच राहिलं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला चौतीसही चित्रं सांगितली. तो कवळ्या बनवतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं टेबल आहे, त्यामुळे संध्याकाळी मी बोलते आणि तो कुणाचे तरी दात घासत बसतो. म्हटलं, एकदा बघायला ये की. तर म्हणतो, "तू इतकं सांगतेस की बघायचं काही उरतच नाही." इतकं छान आजवर माझ्याविषयी कुणी म्हटलं नव्हतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

कायदावाल्यांना फोन केला. सत्र फार भरगच्च आहे म्हणतात. गणितवाल्यांनी फोनच उचलला नाही. वाणिज्य विभागाने एकदा येऊन जाताना पाहुण्यांच्या वहीत 'अतिशय माहितीपूर्ण' असं लिहिलं, आणि नंतर तेही गायब. पण पुढच्या बुधवारी फिजिओथेरपीचा वर्ग यायचा आहे, सोळा जण. ही मंडळी दुखणाऱ्या गुडघ्यांत नि कमरांत अडकलेली असतात, त्यांना चित्रांची भूक असणार. मी त्यांच्यासाठी कार्यक्रम बदलला. सगळा तास एकट्या 'विसावा'वर. माझ्या सगळ्यांत जमलेल्या चित्रावर. टेबलावर कार्यालयाचा एक छापील कागद पडला होता, त्याच्याच कोऱ्या बाजूवर पाठाचं टाचण काढलं. टाचण काढल्याशिवाय मला तास घेता येत नाही, ही जुनी खोड.

दालनातून जाताना मौनीबाबा उठून जवळ आला. "मॅडम, पुढच्या आठवड्यात ते..." म्हटलं, "हो दादा, माहीत आहे. बुधवारी वर्ग आहे." तो म्हणाला, "तसं नाही, चित्राचं..." म्हटलं, "चित्राला कुणी हात लावणार नाही, मी लक्ष ठेवीन." तो मान हलवून परत बसला. बिचारा, किती काळजी घेतो.

बुधवार, १७ सप्टेंबर

सगळं मुसळ केरात.

वर्ग घेऊन मधल्या दालनात शिरले ते नेहमीसारखी मुलांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी. "आणि हे," म्हणून हात मागे केला, तर मुलांचे चेहरे विचित्र झाले. वळून पाहिलं. भिंतीवर दोन खिळे. चित्राच्या मापाचा गडद चौकोन, आणि मधोमध चिठ्ठी: 'दुरुस्तीसाठी हलवले आहे.' हातातलं टाचण उलटं केलं, तर छापील बाजूवर मोठ्या अक्षरांत तेच. मंगळवारी संध्याकाळी चित्र उतरवणार, महिना-दीड महिना लागेल. तो कागद मी सहा दिवस खिशात घेऊन हिंडत होते.

त्यांचे सर तरुण आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, "असू दे मॅडम. काय होतं चित्रात, तेवढं सांगा." म्हटलं चला, बोलणं तरी आपल्या हातात आहे. सुरुवात केली. थकलेली बाई, संध्याकाळ. तेवढ्यात पुढच्या एका मुलीने विचारलं, "पाय कसे ठेवलेत तिने?"

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. "झाकलेले असावेत," म्हटलं. "पुढे पसरलेत की मागे घेतलेत?" माहीत नाही. "पाठ टेकली आहे का?" टेकली असेल, थकलेली आहे ना. "हात?" म्हटलं, "मांडीवर."

"गुडघ्यांवर," मागून आवाज आला.

सगळे वळले. मौनीबाबा खुर्चीतून उठून उभा होता. माझ्याकडे नाही, त्या चौकोनाकडे बघत होता. "दोन्ही हात गुडघ्यांवर. उजव्याचा अंगठा आत, बोटं बाहेर. आणि पाठ टेकलेली नाही. पाठीच्या आणि खुर्चीच्या मधून उजेडाची एक पट्टी दिसते. ती बसलेली नाही. उठते आहे."

मी म्हटलं, "दादा, नावच 'विसावा' आहे."

"नाव वाचायला जवळ जावं लागतं, मॅडम. मी इथून बघतो. एकोणीस वर्षं झाली."

मग सरांनी मला बाजूलाच सारलं म्हणायचं. त्याला एकेक विचारायला लागले. पाय? मागे घेतलेले, आणि उजवी टाच जमिनीवरून उचललेली. डोकं? पुढे झुकलेलं, पण नजर खाली नाही. खिडकीत काय? पांढरा वाडगा, रिकामा, चमचा बाहेर काढून ठेवलेला. सर वर्गाला म्हणाले, "पाय पुढे ठेवून उठून दाखवा बरं." दोघंतिघं बाहेरचा बाक आत आणून त्यावर बसली, पण एकालाही उठता येईना. पाय मागे घेतले की जमतं. हे मला ठाऊक नव्हतं, रोज पन्नास वेळा उठत असूनही. मग एकीने कागद मागितला. दालनात पेन चालत नाही, म्हणून मी खोलीतून पेन्सिलींचा डबा आणला. आजच्या तासाला माझा हातभार एवढाच. मुलं जमिनीवर बसली, तो सांगत गेला आणि ती काढत गेली. पन्नास मिनिटांचा तास दीड तासाने संपला. मध्ये एकदा मान वर केली तर संचालिकाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या. मी नजर चुकवली.

सोळा जणांनी रिकाम्या भिंतीचं चित्र काढलं आणि ते गेले. जाताना सर म्हणाले, "मॅडम, असा तास मी आजवर पाहिला नव्हता." टोमणा मारायची ही फार सभ्य पद्धत आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी दालन उघडायच्या आधी जाऊन त्या चौकोनासमोर उभी राहिले. विचार करत होते की चौदा वेळा सांगितलेल्या चित्रातल्या बाईचे पाय मला का आठवू नयेत. डोळे चांगले आहेत. स्मरणशक्ती इतकी की नवऱ्याला ती नकोशी होते.

मग नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले, आणि कळलं. माझी नेहमीची जागा म्हणजे चित्राकडे पाठ. शाळेत पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, वर्गाकडे पाठ करायची नाही. बावीस वर्षं मी फळ्यावर तिरपी उभी राहून लिहिलं. इथे तर लिहायचंही नव्हतं, मग काय, पूर्ण पाठ.

म्हणजे जे काय 'विसावा' मी सांगत होते ते मुलाखतीच्या आधी पाच मिनिटं पाहिलेलं. बाकी सगळं माझं.

मौनीबाबा आला तेव्हा म्हटलं, "दादा, तुम्ही मला त्या दिवशी हेच सांगायला आला होता ना? चित्र जाणार म्हणून?" तो म्हणाला, "हो." आणि आपली खुर्ची पुसायला लागला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

यापुढे त्याला मौनीबाबा म्हणणं बंद. तो मौनी नव्हता, मी त्याला बोलू देत नव्हते.

रविवार, २१ सप्टेंबर

सुट्टी. सासूबाईंना खुर्चीतून उठवताना मी नेहमी हाताला धरून ओढते. आज ओढलं नाही, नुसती बघत राहिले. त्यांनी आधी पाय मागे घेतले. मग हात गुडघ्यांवर, अंगठा आत. मग पुढे झुकल्या, एक क्षण तशाच राहिल्या, आणि उठल्या. स्वतः.

"काय बघतेस अशी?" म्हणाल्या.

म्हटलं, "तुम्हाला उठता येतं."

"येतं की. पण तू धीर धरशील तर ना. आधी ओढतेस नि मग विचारतेस, दुखलं का."

नवरा पलीकडून हसला, म्हणजे त्यालाही हे ठाऊक होतं. या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि मला कुणी सांगत नाही, असं म्हटलं तर तो म्हणतो, "सांगायला फट कुठे मिळते?"

खरं लिहायचं तर आजचा दिवस फार चांगला गेला. मी चौघा-पाच जणांना उठताना-बसताना पाहिलं. किराणावाला बसतो तो धपकन. शेजारची मुलगी उठते ती टुणकन. दिवसभर एवढी करमणूक पायांखाली चालू असते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पत्र आलं. फिजिओथेरपीच्या सरांचं. वर्गाला पुन्हा यायचं आहे. चित्र २८ तारखेला लागणार असं कळलं, तर ३० ला येऊ का? सगळ्यांनी आपापली चित्रं जपून ठेवली आहेत, मूळ चित्राशी ताडून बघायची आहेत. टाच खरंच उचललेली आहे का यावरून वसतिगृहात दोन तट पडले आहेत.

दुसरी भेट. आपणहून. ३१ च्या एक दिवस आधी. माझा जीव भांड्यात पडला, तो पुढच्या ओळीपर्यंत टिकला. पुढची ओळ अशी: 'त्या दिवशी चित्र सांगणारे गृहस्थ हजर राहतील अशी आशा आहे.' माझं नाव पत्राच्या मायन्यात आहे, बस.

दिवसभर खुपलं. लाज वाटते लिहायला, पण इथे लाल शाई नाही. मी टाचणं काढते, आवाज कमावलेला आहे, आणि पुन्हा बोलावणं येतं ते खुर्चीत बसणाऱ्या माणसाला. घरी पत्र वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "वर्ग येतोय ना?" म्हटलं, हो. "मग तोंड का असं कवळी बसली नसल्यासारखं?"

गार्डदादांना सांगितलं तर त्यांचे कान लाल झाले. "मला? बरं," म्हणाले, आणि दुपारी पायऱ्यांवर नेहमीपेक्षा एक पायरी वर बसले.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

चित्र आलं. दोन माणसांनी हातमोजे घालून टांगलं, सरळ बसलं का ते मोजून पाहिलं. धूळ-काजळी गेल्यामुळे झगा असा हिरवा निघालाय की दालन थंड वाटतं. मी या वेळी तोंड चित्राकडेच ठेवलं. पाठ टेकलेली नाही. उजेडाची पट्टी आहे. हात गुडघ्यांवर, अंगठा आत. वाडगा, चमचा. सगळं त्यांनी सांगितलं तसं.

टाच नाही.

झगा सरळ जमिनीपर्यंत आलेला आहे. दोन्ही पाय पूर्ण झाकलेले, बुटाचं टोकसुद्धा दिसत नाही. मी वळले तर गार्डदादा खुर्चीपाशी उभे होते, चेहरा उतरलेला. "दुरुस्तीत गेली का?" म्हटलं. त्यांनी दुरुस्तीआधीचा फोटो मागवून पाहिला होता. त्यातही नव्हती.

"मी रोज बघत होतो, मॅडम," म्हणाले. "रोज."

जाण्याआधी त्यांनी ३० तारखेच्या रजेचा अर्ज टाकला. कारण: घरगुती.

बुधवार, २९ ऑक्टोबर

मनात काय आलं ते तसंच लिहिते. अर्ज मंजूर होऊ द्यावा. वर्ग येतोच आहे. टाच नाही हे मुलं बघतील, हसतील, मग मी तास ताब्यात घेईन. आता मी हे चित्र पाहिलंय, पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं सांगेन. संग्रहालयाच्या नोंदवहीत दुसरी भेट लागेल, माझी खोली राहील. कुणाचं काही बिघडत नाही.

दुपारी एकपर्यंत हे मला अगदी पटलं होतं.

एकला डबा घेऊन पायऱ्यांवर गेले तर ते नव्हते. आत खुर्चीत बसले होते, पण खुर्ची त्यांनी अंमळ फिरवून घेतली होती, चित्र दिसणार नाही अशी. एकोणीस वर्षं पाहिलेल्या चित्राकडे माणसाने पाठ फिरवून बसावं, हे मला बघवेना. आणि पाठ फिरवण्यातली तज्ज्ञ तर मीच.

जाऊन खाली जमिनीवरच बसले. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं घशातच ठेवलं. एवढंच म्हटलं, "उद्या या, दादा. टाच चुकली असं सांगू. मीच सांगेन. पण मला त्या दिवशी हातसुद्धा आठवले नव्हते."

ते म्हणाले, "मुलं मला खोटा म्हणतील."

समजूत घालायला गेले असते तर खोटंच काहीतरी निघालं असतं. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली तशी उठले, पाय आधी मागे घेऊन.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

ते आले. गणवेशाला इतकी कडक इस्त्री की चालताना आवाज येत होता.

वर्ग आत आला, सोळाचे अठरा होऊन. दोघं दुसऱ्या वर्गातली, वाद ऐकून आलेली. सगळ्यांच्या हातात आपापली चित्रं. मी मुलांकडे पाठ करून उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा. मानेवर कसंतरी होत होतं. कुणी बोलत नव्हतं, आणि आता मला शांततांमधला फरक कळायला लागलाय.

"टाच नाही," एक मुलगा म्हणाला. कुणीतरी हसलं.

मी बोलणार, तेवढ्यात गार्डदादाच म्हणाले, "नाही. मी चुकीचं सांगितलं. मला दिसत होती."

पायांबद्दल विचारणारी ती मुलगी पुढे झाली, चित्रापुढच्या दोरीपर्यंत गेली, आणि उकिडवी बसली. तशीच बसून राहिली. तिचे सर काही बोलले नाहीत. मीही नाही. हे लिहायला सोपं आहे.

"कड बघा," ती म्हणाली. "डावीकडे झग्याची कड जमिनीला टेकली आहे. उजवीकडे मागे टेकत नाही. बोटभर सावली आहे खाली. आणि वर कापड आतून कशावर तरी ताणलं गेलंय." मग तिने स्वतः बाकावर बसून, अंगातला लांब कोट पायांवर ओढून घेतला, आणि उजवी टाच उचलली. कोटाची कड तशीच वर गेली, तशीच सावली पडली.

सगळे एकावर एक वाकून बघायला लागले. सर म्हणाले, "काढलेली नाही. पण उचललेली आहे." मग वाद पेटला तो असा की मला दोनदा दोरीला हात लावू नका म्हणून सांगावं लागलं. एक गट म्हणत होता, ती खिडकीतून कुणालातरी पाहून उठली. दुसरा म्हणत होता, कुणी नाही, जेवण संपलं म्हणून उठली, वाडगा रिकामा आहे. अर्ध्या तासाने एकाने गार्डदादांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कशाला उठतेय?"

ते म्हणाले, "मला वाटतं, आपण आलो म्हणून."

मी डोळे पुसले, आणि लपवले नाहीत.

जाताना सरांनी विचारलं, "पुढच्या सत्रात डाव्या दालनातलं ओझं वाहणाऱ्या माणसांचं चित्र ठेवता येईल का? पाठीच्या कण्यासाठी?" म्हटलं, ठेवू. तोंडातून निघून गेलं, माझं पुढचं सत्र असेल की नाही ते माहीत नसताना.

मग भेटींची वही भरायला घेतली. विभाग, संख्या, कितवी भेट, मार्गदर्शक. कितवी भेट, तिथे दोन लिहिलं. मार्गदर्शकापाशी पेन अडलं. फार नाही, थोडंच. मग त्यांचं नाव लिहिलं. फक्त त्यांचं, कारण ते खरं होतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दुपारी संचालिकाबाईंनी बोलावलं. भेटींची वही पुढे होती. मी बसण्याआधीच सगळं सांगून टाकलं: पहिला तास माझ्या चुकीने झाला, दुसरा त्यांच्यामुळे, वर्ग माझ्यासाठी परत आलेला नाही, तेव्हा अट पुरी झाली असं मी म्हणणार नाही, आणि कपाटं केव्हा येणार ते सांगा म्हणजे पेन्सिली हलवते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी परत यावेत असं मी कधी म्हटलं होतं? परत यावेत, एवढंच म्हटलं होतं."

आणि कागद पुढे केला. पूर्ण वर्षाचा.

सही केली. आणि लगेच तोंडाचा पट्टा सुरू झालाच. म्हटलं, आठवड्यातून दोन तास गार्डदादांना खुर्चीवरून मोकळं करा, आम्ही दोघं मिळून तास घेऊ, त्यांना फार आवडेल, मी टाचण काढीन, ते सांगतील, ओझंवाल्या चित्राचं तर...

"त्यांना विचारलंत?" बाईंनी विचारलं.

विचारलं नव्हतं.

मधल्या दालनात गेले. त्यांनी खुर्ची पुन्हा सरळ करून घेतली होती. तीनचा उजेड हिरव्या झग्यावर आलेला. मी शेजारी उभी राहिले, चित्राकडे तोंड करून, आणि एका वाक्यात विचारलं, "दादा, आठवड्यातून दोन तास माझ्याबरोबर वर्ग घ्याल का?"

ते विचारात पडले. मला पाच-सहा वाक्यं सुचली, सगळी पटण्यासारखी. एकही काढलं नाही. उजेड झग्यावरून खुर्चीच्या पायावर गेला. पलीकडच्या दालनात कुणीतरी चाललं, फरशी करकरली, थांबली. मी उभीच होते.

"घेईन," ते म्हणाले. "पण मी चित्राकडे बघून बोलणार. माणसांकडे बघून मला जमत नाही."

म्हटलं, चालेल. तेवढंच म्हटलं.